झेंड्याच्या आधी वाजलेला बँड

अन्याय आमच्या बँडमास्तरांवर झाला. मागच्या वर्षी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या सकाळी, शाळेच्या मैदानावर, राष्ट्रगीत संपून पुरतं मिनिटही झालं नव्हतं तेव्हा. माईक उत्सव समितीच्या अध्यक्षांच्या हातात होता. ते म्हणाले, "बँडवाले आज सकाळीच टाकून आलेले दिसतात." मैदान हसलं. आठ दिवसांनी तेच वाक्य समितीच्या अहवालात शुद्ध भाषेत उतरलं: 'बँड पथकाने मद्यप्राशन केले असल्याने ध्वजारोहणात व्यत्यय आला, सबब यापुढे सदर पथकास पाचारण करू नये.' खाली सही. सहीखाली शिक्का.

मास्तर धरून आम्ही एकोणीस जण. त्यात एक माळकरी, गळ्यात लिंग असलेले दोन लिंगायत दुकानदार, एक हाजीसाहेब आणि एक मी. बाकीचे कोण कधी काय घेत असतील ते घेत असतील. त्या सकाळी आम्ही सगळे तालमीच्या हॉलवर जमून, गाळणीत दोनदा गाळलेला चहा पिऊन, रांगेनं मैदानावर आलो होतो. चहा मीच केला होता.

बँडमध्ये मी तिसरी क्लॅरिनेट. बाकीचा वेळ मी पत्रकं लिहिते. बसस्टँडवरच्या बायकांच्या मुतारीपासून वसतिगृहाच्या पाण्यापर्यंत गावातल्या बऱ्याच भिंतींवर माझी वाक्यं चिकटलेली आहेत. पत्रक कसं लिहायचं ते मला चळवळीत शिकवलं गेलं: कुणावर अन्याय झाला, कधी झाला, कुणी केला, मागणी काय. वाचणारा पानटपरीवर उभा असतो, त्याला गोल गोल फिरवू नका. म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. पण या प्रकरणात मी जे पत्रक काढलं त्यानंच मास्तरांचं जास्त नुकसान केलं. ते कसं, हे सांगायला पाठपोट कागद पुरत नाही, म्हणून हे लांबण.

बँडचा जो म्होरक्या, जो स्वतः क्लॅरिनेट वाजवतो आणि बाकीच्यांना चालवतो, त्याला आमच्याकडं मास्तर म्हणतात. आमचे मास्तर एसटीचे रिटायर मेकॅनिक. तरुणपणी लातुरात एका लग्नाच्या बँडमध्ये होते. लाल कोट, सोनेरी गोंडे, गंजगोलाईतून वरात. तिथल्या उस्तादांनी त्यांना पहिले सहा महिने क्लॅरिनेटला हात लावू दिला नाही. नुसतं गायला लावलं. जे गळ्यात नाही ते फुंकीत येणार नाही, असं उस्तादांचं म्हणणं. पुढं एसटीत नोकरी लागली आणि वराती सुटल्या, पण कान सुटला नाही. वर्कशॉपमध्ये म्हणे बॉनेट न उघडता सांगायचे, तिसरा सिलिंडर बेसूर हाय. अजूनही गावातून चालताना मधेच थांबतात आणि म्हणतात, "ही पिठाची गिरणी बघ, काळी एकमधी चाललीय. काल पांढरी एकमधी होती. पट्टा आवळला वाटतं."

रिटायर होऊन गावी आले तेव्हा डीजेनं लग्नाचे बँड मारून टाकले होते. वाद्यं मेली नव्हती, ती माळ्यावर पडली होती. मास्तर घरोघर फिरले. दारात उभं राहून एकच प्रश्न: "माळ्यावर पितळ हाय का?" लोकांना वाटलं भंगारवाला. असे दोन ट्रंपेट, एक चेपलेला युफोनियम म्हणजे जाड आवाजाचा मोठा भोंगा, एक सॅक्सोफोन, कातडं फाटलेला ढोल गोळा झाला. चिंच आणि राख लावून पितळ घासलं. क्लॅरिनेटची भोकं झाकणारे पॅड कुजले होते, ते सायकलच्या ट्यूबमधून कापून बसवले. मग माणसं शोधली. सॅक्सोफोनला एक शिंपी, ट्रंपेटला कर्नाटकातून येऊन इथं आडतीवर मुनीम झालेले एक अप्पा, ढोलाला एक एसटी कंडक्टर. लग्नं, वराती काही नाही. दर रविवारी सकाळी जुन्या वाचनालयाच्या हॉलमध्ये तालीम, आणि वर्षातून तीनदा गावासमोर वाजवायचं: प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन आणि आमचा मुक्तिदिन.

आमचं गाव देगलूरच्या पलीकडं, दोन राज्यांच्या बेचक्यात. बाजारात एकानं कन्नडात भाव विचारला तर दुसरा तेलुगूत सांगतो आणि दोघं भांडतात मराठीत. बँडही तसाच. मास्तर प्रत्येकाचं नोटेशन हातानं लिहून द्यायचे, आणि ज्याला जी लिपी वाचता येते त्या लिपीत. मुनीम अप्पांना कन्नडात, तेलंगणाच्या बाजूच्या दोघांना तेलुगूत, हाजीसाहेबांना उर्दूत. मी विचारलं होतं, मास्तर, तुम्हाला चार भाषा येतात? "कुठल्या येतात, माय! सातच अक्षरं यायलीत प्रत्येकातली. सा रे ग म प ध नि. आठवं अक्षर दाखवलं की मी अंगठेबहाद्दर."

हा माणूस. याला गावानं काय दिलं ते सांगते. सोयाबीनच्या काढणीला निम्मा बँड शेतात. दिवाळीच्या तोंडावर शिंपी मशीनवरून उठत नाही. लग्नसराईत युफोनियमवाला रविवार-रविवार पंगतीत. मास्तर चार जण आले तरी तालीम घ्यायचे, बाकीच्या चौदांच्या जागा स्वतः तोंडानं म्हणत. आणि कार्यक्रमाला गेलं की समितीचा कुणीतरी बिदागीचं पाकीट हलवत येणार: "साहेबांना यायला टाइम हाय, तवर वाजवा कायतरी." कायतरी! महिनाभर बसवलेली चीज वाजत असताना माईकवर 'हॅलो, हॅलो, चेक' चालू. माझं डोकं फिरायचं. मी मास्तरांना म्हणायचे, उठू या, निघून जाऊ. ते म्हणायचे, "साहेब येईपर्यंत वाजवायचं ना? मग साहेब लवकर नको येऊ दे. आपली चीज पूर्ण व्हतीय."

आता कोपराचं. हे नीट वाचा, सगळं त्याच्यावर आहे.

मास्तरांचे दोन्ही हात क्लॅरिनेटवर. खूण करायला हात मोकळा नाही, मग ते डावं कोपर उचलायचे. कोपर वर गेलं की सगळ्यांनी एकदम उठाव घ्यायचा, म्हणजे वाजवायला सुरुवात करायची. आधी आम्ही ध्वजारोहणाला झेंड्याकडं बघून सुरू करायचो. त्यात एकदा गंमत झाली. ट्रंपेटवाल्यांनी झेंडा हलला तेव्हा सुरू केलं, ढोलानं झेंडा उघडला तेव्हा, आणि शिंपी पाकळ्या खाली पडेपर्यंत थांबला. तीन राष्ट्रगीतं एका पाठोपाठ एक धावत होती. त्यानंतरच्या रविवारी मास्तरांनी नियम केला. मला तो संवाद पाठ आहे, कारण आम्ही हसून हसून मेलो होतो.

"झेंड्याकडं कोण बघतंय?" मास्तर म्हणाले.

"मी बघून राहिलो, मास्तर," कंडक्टर म्हणाला.

"तू कामून बघून राहिला? झेंड्याला तिकीट द्यायचंय का?"

"न्हाई, पण झेंडा उघडला हे कळाय नको का?"

"ते मला कळू दे. झेंड्याकडं मी बघतो. तुमी समद्यांनी माझ्या कोपराकडं बघायचं. आभाळ पडलं तरी कोपर. समजलं?"

त्या दिवसापासून आम्ही कोपराकडं बघायला शिकलो. मास्तर तालमीत फसवायचे. बोलता बोलता शर्ट सारखा करायचे, मान खाजवायचे, आणि मधेच कोपर उचलायचे. जो उशिरा उठला त्याला पुन्हा. शेवटी असं झालं की मास्तरांनी कोपर उचललं आणि अठरा वाद्यं वाजली नाहीत असं घडणं शक्यच नव्हतं. आणि राष्ट्रगीत सुरू झालं की थांबवायचं नाही. बावन्न सेकंद म्हणजे बावन्न सेकंद. हाजीसाहेब भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत मोजायचे.

मुक्तिदिनाची ती सकाळ. मैदान भरलेलं. शाळांची मुलं रांगेत, खुर्च्यांवर प्रतिष्ठित, आम्ही व्यासपीठाच्या डाव्या हाताला. झेंड्याचा खांब आमच्या पूर्वेला, म्हणजे सूर्य बरोब्बर खांबाच्या टोकामागं. पाहुण्यांनी दोरी ओढली. झेंड्याची गुंडाळी सरसर वर गेली आणि टोकाला जाऊन बसली. मग त्यांनी दोरीला झटका दिला. झेंडा उघडायला हवा होता. उघडला नाही. दुसरा झटका. नाही. दोरीजवळ उभा असलेला शाळेचा शिपाई पुढं झाला, त्यानं दोरी हातात घेतली.

मला हे तेव्हा दिसलं नाही. मी कोपराकडं बघत होते.

मास्तर झेंड्याकडं बघत होते. त्यांच्या डोळ्यांवर थेट ऊन. झेंडा उघडलाय की नाही, कळेना. म्हणून त्यांनी क्लॅरिनेट उजव्या हातात पेलली आणि डावा हात कपाळाशी नेला, डोळ्यांवर सावली धरायला.

कोपर वर गेलं.

अठरा वाद्यं एकदम. खरं सांगते, इतका स्वच्छ उठाव आम्ही पुन्हा घेऊ शकणार नाही. ढोल, झांज, ट्रंपेट, सगळं एका श्वासात. मास्तरांचा हात अजून कपाळावरच होता. त्यांचं तोंड उघडं पडलेलं मी पाहिलं. एका ओळीपुरतं आम्ही त्यांच्याशिवाय वाजवलं. मग त्यांनी क्लॅरिनेट ओठाला लावली आणि आमच्यात येऊन मिळाले. दुसरं काय करणार? सुरू झालेलं राष्ट्रगीत कोण थांबवणार?

आणि राष्ट्रगीत चालू म्हटल्यावर सगळं मैदान सावधान. पाहुणे सावधान. अध्यक्ष सावधान. दोरी हातात घेतलेला शिपाईसुद्धा सावधान. दोरी मांडीला चिकटवून, नाक वर करून उभा. त्याला गाठ सोडता येईना, कारण हलायचं नाही. बावन्न सेकंद अख्खं गाव खांबाच्या टोकावरच्या गाठोड्याला मानवंदना देत उभं होतं. शेवटचा सूर संपला आणि शिपायानं जीव खाऊन हिसडा मारला. झेंडा उघडला. पाकळ्या पडल्या.

तेव्हा अध्यक्षांनी माईक घेतला आणि दारूचं बोलले. मग कुणाच्या तरी मोबाइलवरून राष्ट्रगीत स्पीकरला लावलं, आणि आम्ही वाद्यं खाली धरून आमच्याच जागी उभे राहिलो.

वाद्यं उचलून आम्ही हॉलवर परतलो. कंडक्टरला राहवेना. "मास्तर, काय बी म्हणा, बावन्नला एक्कावन्न न्हाई की त्रेपन्न न्हाई."

"व्हय," मास्तर म्हणाले. "लई चांगलं वाजलं. चुकीच्या येळी वाजलं." मग दारातच थांबले. "पण दारूचं कामून म्हणला असंल तो?"

त्यांना खरंच कळत नव्हतं. मला कळत होतं. गाठ समितीच्या देखरेखीखाली मारलेली. गाठ चुकली म्हणावं तर समिती चुकली. बँड प्यालेला म्हटलं की विषय संपला. आणि बँडवाल्याबद्दल तसं म्हटलं की कुणी पुरावा मागत नाही. वाजवणारा म्हणजे पिणारा, हे गावानं आधीच ठरवून ठेवलंय. शाळामास्तर चुकला असता तर म्हणाले असते, गडबड झाली. वकील चुकला असता तर म्हणाले असते, गैरसमज झाला.

अहवाल आला. आमच्या तालमीच्या हॉलला समितीनं नवं कुलूप लावलं. आत आता समितीच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. त्याच दुपारी मी पत्रक लिहिलं. मथळा: 'गरीब कलावंतांची बदनामी थांबवा!' मजकूर कडक होता. आणि त्यात एक वाक्य खोटं होतं. मी लिहिलं, 'समितीनेच खूण केल्यामुळे बँडने राष्ट्रगीत सुरू केले.' मला माहीत होतं की समितीनं खूण केली नव्हती. पण मी म्हटलं, समोरचा एवढं मोठं खोटं बोलतो, आपण एवढंसं बोललं तर काय बिघडलं. लढाईत आपली चूक कबूल करायची नसते, असंही कुठंतरी डोक्यात भरलेलं. आठवडी बाजारात वाटून टाकलं. वाटून झाल्यावर, मास्तरांना खूश करायला, एक प्रत घेऊन घरी गेले.

ते ओट्यावर बसून क्लॅरिनेटचं पॅड बदलत होते. कानावरची लाल पेन्सिल काढली, नोटेशन तपासतात तसं ओळीवरून फिरवत आले आणि थांबले.

"हे गरीब कोण गं?"

"आपण."

"मला पेन्शन हाय. अप्पाचं दोन मजली हाय." त्यांनी 'गरीब'वर काट मारली. पुढं वाचलं. पेन्सिल पुन्हा थांबली. "खूण समितीनं केली?"

"मास्तर, ऐका. तुमचं कोपर वर गेलं असं लिहिलं की ते म्हणणार, बघा, चूक कबूल. मग दारूपण कबूल झाल्यातच जमा."

"कोपर गेलं का न्हाई?"

"गेलं."

"दारू पेलो का?"

"नाही."

"मग दोन गोष्टी हायत, दोन ओळीत लिव. कोपर गेलं. दारू न्हाई."

"चळवळीत असं चालत नाही, मास्तर."

"बँडात चालतंय," ते म्हणाले. "चुकीचा सूर लागला की हात वर करायचा. न्हाई केला तर समदेच चुकल्यासारखे वाटतेत, आन् मास्तरला कळत न्हाई कुणाला सांगावं. तूच किती येळा केलाय हात वर. रविवारी चार येळा केलता."

पाच वेळा केला होता. त्यांनी विचारलं, किती वाटलीस? मी म्हटलं, सगळी.

तिसऱ्या दिवशी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ आला. कुणीतरी मोबाइलवर सगळा कार्यक्रम टिपला होता. त्यातला मास्तरांचा भाग कापून, हळू करून टाकला होता. हात कपाळाकडं जातोय. कोपर वर. बँड सुरू. खाली लिहिलेलं: 'खूण कुणी केली ते बघा. पत्रकबाज खोटे बोलतात.' झालं. एक वाक्य खोटं निघालं, मग सगळं पत्रक खोटं ठरलं, मग दारू खरी ठरली. अध्यक्षांना काही करायची गरजच उरली नाही. कंडक्टर मला एसटीच्या दारात लटकून म्हणाला, "ओ पुढारीणबाई, तुमी आमच्या बाजूनं हाव का त्यांच्या?" तो चेष्टा करत होता. मला ती लागायची तशी लागली.

आणि त्या व्हिडिओत काय कापलं होतं ते मला तेव्हा सुचलंच नाही. पूर्ण व्हिडिओत खांबाचं टोक असणार. गाठ असणार. अठरा माणसं सरळ रेषेत, सुरात, तालात वाजवताना असणार. प्यालेली माणसं तसं वाजवत नाहीत, हे आंधळ्यालाही ऐकू येईल. पण पूर्ण व्हिडिओ कुणाकडं आहे, विचारलं की ग्रुपवर शांतता.

मग कचेऱ्या. तालुक्याला म्हणाले, अहवाल समितीचा, आमचा नाही. समिती म्हणाली, अहवाल वर गेला, आता आमच्या हातात नाही. म्हणून एका सोमवारी मी आणि मास्तर नांदेडला गेलो. मास्तर बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि नायगावपर्यंत फक्त एवढंच बोलले, "गिअरबॉक्स जाणार हाय हिचा." कचेरीत तीन टेबलं फिरून चौथ्या टेबलाशी पोचलो. तिथल्या बाबूनं अर्ज उलटासुलटा केला.

"प्यालेले नव्हता याचा पुरावा काय?"

मास्तर म्हणाले, "प्यालेलो होतो याचा काय हाय, साहेब?"

"तो अहवालात आहे ना."

"आन् अहवालाचा?"

"अहवालाला पुरावा लागत नाही, बाबा. अहवाल हाच पुरावा." पण माणूस वाईट नव्हता. त्यानं पाणी मागवलं आणि आवाज खाली करून सांगितलं, "त्या दिवशी हजर असलेल्या लोकांचे जबाब आणा. तुमच्या बँडमधले नकोत, नातलग नकोत. प्रेक्षक. नाव, पत्ता, सही. दहा-वीस जरी आले तरी मी ते वाक्य वगळायची टिप्पणी ठेवतो. वाक्य गेलं की हॉलचंही बघता येईल."

मी उड्या मारत परतले. मैदानावर अख्खं गाव होतं, त्यातले वीस?

आज त्याला कितीतरी महिने झाले. जबाब किती आले सांगू? एकही नाही.

हॉटेलवाले म्हणतात, "अगं, समद्यांना ठाव हाय ते पेत न्हाईत. लिहून कामून द्यायचं?" शाळेतले एक सर म्हणाले, विषय आता जुना झाला. एक बाई म्हणाल्या, मालकांना विचारते. मालक म्हणाले, हिला काय कळतंय. माझ्या सख्ख्या मैत्रिणीच्या वडलांनी कागद वाचला, मान डोलावली, पेन काढलं, आणि पेन खिशात घालून म्हणाले, अध्यक्षांच्या घरी पुढच्या महिन्यात लग्न आहे, तेवढं होऊ दे. मी तिथंच ओरडले. त्यानं काही झालं नाही, फक्त चहा मिळाला नाही.

शिपाई मात्र आपणहून आला. संध्याकाळी दिवेलागणीला, आमच्या मागच्या दारानं. "ताई, गाठ मी मारली. पाकळ्या जरा जास्त घातल्या होत्या. गुलाबाच्या, आमच्या दारच्या. वर जाईस्तोवर सांडू न्हाई म्हणून एक वेढा जास्तीचा दिला."

"हे लिहून द्या," मी म्हटलं.

"नोकरीची दोन वर्षं ऱ्हायलीत माझी."

"आणि मास्तरांची अब्रू?"

तो रडायला लागला. मी त्याला तसाच जाऊ दिला, आणि दुसऱ्या दिवशी तावातावानं मास्तरांना सांगितलं की आता याच्यावर दबाव आणायचा. मास्तर माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा चिडले. "त्याला कामून छळायलीस? गाठ त्याची चुकली, कोपर माझं चुकलं. दारू कुणाचीच न्हाई. मला तेवढं एक वाक्य काढून पायजे. कुणाची नोकरी नको."

प्रजासत्ताक दिनाला स्पीकर लावला. मास्तर गर्दीत मागं उभे होते, धुतलेल्या पांढऱ्या शर्टात. शेजारच्यानं विचारलं, "काय मास्तर, आज वाजवत न्हाई?"

"अजून उतरली न्हाई," मास्तर म्हणाले.

शेजारचा खो खो हसला. त्यानं ते सगळ्या गावात सांगितलं. मास्तरांनी त्या दिवशी घरी जाऊन क्लॅरिनेट पेटीत ठेवली. तेव्हापासून काढलेली नाही. त्यांचं म्हणणं असं, की त्या कागदावर ते वाक्य असताना मी वाजवलं तर ऐकणारा सूर ऐकणार न्हाई, माझ्या पायांकडं बघंल, झोक जातोय का. त्यांच्या घरच्या मला म्हणाल्या, "रागावले असते तर बरं झालं असतं गं. ह्ये आता गिरणीवरून गेले तरी काय बोलत न्हाईत."

अप्पा वरातीत वाजवणाऱ्या एका बेंजो पार्टीत जायला लागलेत. शिंप्यानं सॅक्सोफोन मशीनच्या मागं टांगलाय. मास्तरांनी एकेकासाठी लिहिलेल्या कन्नड, तेलुगू, उर्दूतल्या नोटेशनच्या वह्या माझ्याकडं आहेत. मला त्यातली एकही धड वाचता येत नाही, आणि दुसरा कुणी लिहिणाराही नाही. मास्तरांचं वय वाढतंय. दात दोन हलतात. ते पडले तर क्लॅरिनेट धरता येणार नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मुक्तिदिन पुन्हा तोंडावर आलाय.

मी नवं पत्रक काढलं नाही. काढून कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि तो दोष माझा आहे, म्हणून इथं हात वर करून सांगते: समितीनं खूण केली हे मी लिहिलं ते खोटं होतं. खूण आमच्या मास्तरांच्या कोपरानं झाली, नकळत झाली. त्या वेळी झेंडा बांधलेला होता. बँडमध्ये कुणीही प्यालेलं नव्हतं.

आता तुम्ही. हे वाचणाऱ्यांपैकी काही जण त्या मैदानावर उभे होतात. मी तुमच्यातल्या निम्म्यांना चेहऱ्यानं ओळखते. जे लातूरला, नांदेडला, पुण्याला राहता, त्यांचं कुणी ना कुणी तिथं होतं: मेहुणा, मावशी, शाळेतल्या रांगेत उभी असलेली भाची. त्यांना फोन लावा. ज्यांच्याकडं पूर्ण व्हिडिओ आहे त्यांनी तो न कापता द्या. बाकीच्यांनी एक कोरा कागद घ्या आणि जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा, मास्तरांच्या चुकीसकट. आमच्यावर उपकार म्हणून काही वाढवू नका. खाली पूर्ण नाव, गाव आणि सही. मुक्तिदिनाच्या आत तो कागद माझ्या हातात द्या. मी दारात येऊन घेऊन जाईन.